‘दशावतार’ आणि मिश्रसंगीताचा प्रश्न

संगीतांतील मिश्रणाविषयीं आपल्याकडे दोन मतें फार दिवसांपासून रूढ आहेत, आणि विचाराचे श्रम वांचविणें एवढाच त्या दोहोंचा उपयोग आहे. पहिलें मत असें कीं, शुद्ध तेवढें उत्तम व मिश्र तेवढें हिणकस. दुसरें असें कीं, चार देशांचीं वाद्यें एका पंक्तीस बसविलीं म्हणजे नवी व उदार कला आपोआप जन्मास येते. पहिल्या मताचे गृहस्थ मिश्र कृति ऐकावयासच तयार नसतात. दुसऱ्या मताचे ऐकतात खरे, पण ऐकतांना वाद्यांची शिरगणती तेवढी करितात. मिश्रण कोठें जिरलें व कोठें नुसतें वर तरंगत राहिलें, हा जो टीकेचा खरा प्रश्न, त्यास दोघेही हात लावीत नाहींत. तो प्रश्न समोर ठेवून आज आम्ही अशा एका कृतीचें परीक्षण करणार आहों, जिचें नांव आमच्या वाचकांच्या नित्य ओळखीचें आहे, पण जिचा आवाज बहुतेकांस अगदीं अपरिचित असेल.

‘दशावतार’ हें त्या कृतीचें नांव. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या वृंदानें हा दहा गीतांचा संग्रह २०१७ सालीं प्रसिद्ध केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या एकेका अवतारास एकेक गीत अशी त्याची योजना असून गीतें इंग्रजींत आहेत. वृंदाची स्थापना २००० सालची. श्रीयुत साहिल मखीजा हे त्याचे संस्थापक, गायक व गिटारवादक. हेच गृहस्थ ‘हेडबँगर्स किचन’ या नांवानें पाककृतींचा कार्यक्रमही करीत आले आहेत. तेव्हां निरनिराळे जिन्नस एका भांड्यांत घालण्याची हौस त्यांस केवळ संगीतापुरतीच आहे असें नाहीं. वृंदाच्या नांवाचा मराठींत अर्थ ‘आसुरी पुनरुत्थान’ असा होईल. असुरांचें नांव लावणाऱ्या मंडळीनें विष्णूचे अवतार गावे यांत जी मौज आहे, तिच्याकडे आम्ही पुढें वळूं.

ज्या जातीचें हें संगीत आहे तिला ‘डेथ मेटल’ म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, विशेषेंकरून फ्लॉरिडा प्रांतांत, तिनें आकार घेतला. सूर पुष्कळ खालीं उतरविलेल्या विजेच्या गिटारी, दोन्ही पायांनीं वाजवावयाचा मोठा ड्रम, अतिशय जलद लय आणि गळ्याच्या तळांतून काढलेली घोगरी गर्जना, हीं तिचीं लक्षणें. आरंभीं तिचा विषय बहुधा मरण व विद्रूपता हाच असे. थोड्याच वर्षांत या दांडगाईला विद्येची जोड मिळाली. ‘डेथ’ या वृंदाचा चक शुल्डिनर यानें १९९१ सालच्या ‘ह्यूमन’ या संग्रहांत रचनेची गुंतागुंत वाढविली. ‘सिनिक’ या फ्लॉरिडाच्याच वृंदानें १९९३ सालच्या ‘फोकस’ मध्यें जॅझचे स्वरमेळ आणले. आणि स्वीडनच्या ‘ओपेथ’ नें २००१ सालच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ मध्यें गर्जनेच्या शेजारीं संथ, मृदु गायन व वीज न लावलेली साधी गिटार आणून बसविली. या शाखेस ‘प्रोग्रेसिव्ह’ असें विशेषण लावण्याचा प्रघात पडला. दुसऱ्याच्या घरचें उचलून आणणें हा या शाखेचा अपवाद नसून स्वभाव आहे. तेव्हां मखीजा मंडळीनें सतार व भारतीय तालवाद्यें घेतलीं यांत धाडस कांहीं नाहीं. आणलेल्या वस्तूंचें त्यांनीं केलें काय, एवढेंच पाहावयाचें.

पण त्याआधीं एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. हें संगीत आपल्या घराबाहेर उभें राहून परवानगी मागत नाहीं. मुलांच्या कानांतील यंत्रांतून तें केव्हांच आंत आलेलें आहे. वडील माणसें दाराशीं थांबून विचारितात, ‘हें गाणें कीं गोंगाट?’ मुलगा उत्तर देत नाहीं, आणि घरांत एक अबोला वाढतो. आमच्या अलिबागेस भूचुंबकीय वेधशाळा आहे. ती पूर्वीं मुंबईस कुलाब्यावर होती; पण मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें नाजूक यंत्रांचे वेध बिघडणार, म्हणून १९०४ सालीं तिचें काम खाडीपलीकडे अलिबागेस आणण्यांत आलें. यंत्रांनीं विजेच्या उपद्रवापासून दूर जावें हें योग्यच झालें. रसिकास मात्र ती सोय नाहीं. जें आपल्या घरांतील कोणी मन लावून ऐकतें, तें काय आहे याचा वेध त्याला जागेवरच बसून घेतला पाहिजे.

भरतानें नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले. त्यांत रौद्र, भयानक व बीभत्स हे तीन आहेत. आठांपैकीं तीन, हें प्रमाण लहान नव्हे. परंतु आपल्या बैठकीच्या गाण्यांत शृंगार, करुण, भक्ति आणि शांत यांचेंच राज्य चालतें. उरलेल्यांना आपण बैठकींतून उठविलें. ते गोंधळांत, पोवाड्यांत, शिमग्याच्या सोंगांत आणि दशावतारी खेळांत जाऊन राहिले. दक्षिण कोकणांत जत्रेच्या रात्रीं ज्यानें दशावतारी नाटक पाहिलें आहे त्यास राक्षसाचा प्रवेश ठाऊक आहे. पखवाज आणि झांजा एकदम चढतात, आणि पात्र जी आरोळी ठोकतें ती कोणत्याही सप्तकांत लिहितां यावयाची नाहीं. तरी त्या आरोळीला कोणी गोंगाट म्हणत नाहीं. कारण ती कोणाची व कशासाठीं हें प्रत्येक प्रेक्षकाला माहीत असतें. गर्जना संगीतांत बसते कीं नाहीं हा प्रश्न तिच्या कर्कशपणावरून सुटत नाहीं. ती कोणाच्या तोंडीं व कोणत्या प्रसंगीं आहे यावरून तो सुटतो. शिवाय ही गर्जना म्हणजे नुसतें ओरडणेंही नव्हे. स्वरतंतूंच्या वर जे दुसरे पडदे असतात त्यांस कंप देऊन, श्वास आवरून ती काढावी लागते; नुसतें ओरडणाऱ्याचा घसा चार दिवसांत बसेल. तेव्हां साधना येथेंही आहे. ती कोणत्या कामीं लाविली हें पाहणें हा टीकाकाराचा अधिकार.

आतां मिश्रणाकडे वळूं. मिश्रण म्हणजे काय याचा एक उत्तम धडा आमच्याच किनाऱ्यावर आहे. रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली कीं कोर्लई लागतें. पोर्तुगीजांची सत्ता येथून १७४० सालीं गेली. पण तिच्या काळीं ख्रिस्ती झालेलीं शेतकरी कुटुंबें तेथेंच राहिलीं, आणि त्यांच्या घरांतून आजही एक निराळी बोली ऐकूं येते. ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असें ते तिला म्हणतात. ती बोलणारे लोक सुमारें हजारभर असतील. तिच्यांतील शब्द बहुतेक पोर्तुगीज आहेत. परंतु वाक्याची ठेवण मराठी झालेली आहे. पोर्तुगीज वाक्यांत क्रियापद कर्मापूर्वीं येतें. या बोलींत तें मराठीप्रमाणें शेवटीं जाऊन बसतें. शब्द उसने घेणें हें बाजारांतील एका दिवसाचें काम आहे. क्रियापदाची जागा बदलावयास पिढ्या लागतात, आणि त्या पिढ्यांनीं शेजारीं राहून एकमेकांचें सुखदुःख ऐकलेलें असावें लागतें. ज्यांत केवळ शब्द आले त्यास आम्ही भरणा म्हणूं. ज्यांत व्याकरण हाललें त्यासच मिश्रण म्हणूं.

संगीतांत याचा दाखला पाहिजे असेल तर पेटीचा घ्यावा. हें वाद्य युरोपांतील. तिकडे अनेक स्वर एकदम दाबून स्वरमेळ धरण्यासाठीं तें वाजवीत. आपल्याकडे आल्यावर त्याचा डावा हात भात्यावर गेला, स्वरमेळ सुटले, आणि गवयाच्या एका स्वराच्या मागोमाग चालणें त्यानें पत्करलें. तरीही आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस दाराबाहेर काढलें, आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच राहिली. त्याच अवधींत कीर्तनांत, भजनांत आणि खुद्द दशावतारी खेळांत ती अशी मुरली कीं, तिच्यावांचून नांदी सुचत नाहीं. पाहुणीनें घरचें व्याकरण उचललें म्हणून ती घरची झाली. हुकुमानें तिला परकी ठरवितां आलें नाहीं.

या कसोटीवर प्रस्तुत संग्रह कसा उतरतो? प्रथम दोष सांगतों. सतारीसारखीं वाद्यें या गीतांत जागोजाग येतात. पण बहुधा गीताच्या कडेला उभीं राहतात. तीं रंग देतात, चाल ठरवीत नाहींत. सतारीचा जीव तिच्या मिंडेंत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतांना मधल्या रिकाम्या जागेंत ती जें बोलते तें तिचें खरें बोलणें. त्यासाठीं लय थोडी थांबली पाहिजे, श्रोत्याचा श्वास थोडा लांबला पाहिजे. येथें तेवढा अवकाश तिला क्वचितच मिळतो. वृंदाच्या आधींच्या संग्रहांत हीच जागा पाश्चात्त्य वाद्यमेळाचे आवाज काढणाऱ्या कीबोर्डनें भरलेली असे. ते आवाज काढून सतार बसविली, पण बैठक मुळींच बदलली नाहीं. जेथें एका वाद्याच्या ठिकाणीं दुसरें ठेविलें तरी गीत जसेंच्या तसें उभें राहतें, तेथें भरणा झाला. मिश्रण झालें नाहीं.

पण इतकें म्हणून थांबणें अन्यायाचें होईल. ज्या गिटारींना आपण परक्या समजतों, त्यांच्या वादनांतच एक विलक्षण सामीप्य दडलेलें आहे. या संगीतांतील गिटारी ज्या जोडस्वरांवर चालतात त्यांत बहुतकरून गांधार वगळलेला असतो. षड्ज व पंचम हे दोनच स्वर एकदम वाजवितात. ही तर आपल्या तंबोऱ्याची जुळणी झाली! त्यावर विजेच्या योगानें आवाज मुद्दाम फाडतात, म्हणजे मूळ स्वरांतून उपस्वरांची झुंड उठते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावून आपणही उपस्वर जागे करितों. फरक इतकाच कीं, आपण भुंग्याचें गुंजन मागतों आणि हे लोक गांधीलमाश्यांचें पोळें उठवितात. शिवाय खालची तार अखंड ठोकीत ठेवून तिच्या अंगानें कोमल रिषभ, तीव्र मध्यम असे टोंचणारे स्वर लावणें ही या जातीची नित्याची चाल आहे. स्वरमेळांच्या पायऱ्यांनीं पुढें सरकणाऱ्या युरोपीय संगीतापेक्षां एका षड्जाभोंवतीं फिरणाऱ्या आपल्या संगीताशींच तिचें नातें अधिक जवळचें दिसतें. तालाचेंही तेंच. विषम मात्रांचीं आवर्तनें या प्रोग्रेसिव्ह शाखेस प्रिय आहेत. रूपकाच्या सात मात्रा ज्याच्या हातांत आहेत त्यास तीं परकीं वाटूं नयेत. एक मोठें अंतर मात्र उरतें. राग गवयाच्या हातीं वाढत असतो. हें गीत आधींच पूर्ण बांधलेलें असतें, आणि त्याच्या कोणत्याही खोलींत अचानक खिडकी उघडत नाहीं. तरी आमचा अनुभव असा कीं, जेथें सतार अगदीं गप्प आहे आणि गिटारी त्या एका खर्जाला धरून घुमताहेत, तेथेंच हा संग्रह अधिक आपला वाटतो. ज्या भारतीयत्वाची जाहिरात केली नाहीं तेंच येथें अधिक भरीव आहे.

आतां अवतारांकडे. या जातीच्या संगीतासाठींच जणूं घडविलेला अवतार म्हणजे नरसिंह. हिरण्यकशिपूला मरण माणसाकडून नाहीं, पशूकडून नाहीं. दिवसा नाहीं, रात्रीं नाहीं. घरांत नाहीं, बाहेर नाहीं. इतक्या ‘नाहीं’ च्या फटींतून जो प्रकट होतो त्याचा आवाज कसा असावा? माणसाचा म्हणावा तर तो फसेल, पशूचा म्हणावा तरी फसेल. ही गर्जना नेमकी त्या उंबरठ्यावरची आहे. शब्द माणसाचे, पण गळा माणसाचा वाटत नाहीं. डेथ मेटलमध्यें जो आवाज केवळ रिवाज म्हणून येतो, त्यास येथें कारण मिळालें, आणि कारण मिळतांच त्याचा कर्कशपणा जाऊन तो रौद्र झाला. संग्रहांतील सगळीं वाद्यें गाळलीं व एवढें एकच लक्षांत ठेविलें, तरी या विषयाची निवड डोळसपणानें झाली असें म्हणावें लागेल.

परंतु एका अवतारास जें शोभलें तें दहांनाही पांघरतां येत नाहीं. आमच्या दशावतारी रंगभूमीचा संकेत साधा आहे: गर्जना असुराची. वेद चोरणारा शंकासुर रंगभूमि दणाणून सोडतो. त्याचा निकाल लावण्यास येणाऱ्या विष्णूला तितकें ओरडावें लागत नाहीं. देवाचें बळ त्याच्या निवांतपणांत दिसतें. या वृंदाच्या २०१४ सालच्या संग्रहाचें नांवच ‘द डेमन किंग’, म्हणजे ‘असुरराज’. त्या असुरास जो आवाज शोभला असता तोच तीन वर्षांनीं देवांच्या तोंडीं आला. मधून मधून स्वच्छ गळ्याचें गायन येतें तेव्हां हायसें वाटतें. पण कोण गर्जेल व कोण गाईल याचा कांहीं नियम हातीं लागत नाहीं. गीताच्या कथेपेक्षां त्याच्या सांच्यावरूनच ती वांटणी झालेली दिसते. वामन घ्या. बटुमूर्तीपासून त्रिविक्रमापर्यंत वाढत जाणें हीच त्याची कथा. पण ज्या संगीताची भूक पहिल्यापासून विराटाचीच, त्यानें बटु कोठून आणावा? परशुराम घ्या. संग्रहांत त्याची ओळख परशु धारण करणारा अशी दिली आहे. आम्हां किनाऱ्यावरील लोकांना तो आणखी एका नात्यानें ठाऊक आहे: समुद्रास मागें सारून ज्यानें ही कोकणची पट्टी मोकळी केली तो. पाणी मागें सरतें आणि ओली, रिकामी भूमि वर येते, हें संगीतांत दाखवावयाचें तर मोठ्या आवाजानंतर मोठी शांतता हवी. या संगीतास चाल करून जाणें उत्तम साधतें. ओसरणें साधत नाहीं.

बुद्धाच्या बाबतींत ही उणीव कलेपुरती राहत नाहीं. महाराष्ट्रांत नवव्या जागीं कोणास बसवावें हा कधींच सरळ प्रश्न नव्हता. आपल्याकडील जुन्या पंचांगांत व कांहीं देवळांच्या शिल्पांत त्या जागीं विठोबाची मूर्ति आढळते. आणि ऑक्टोबर १९५६ मध्यें नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचें स्पष्ट शब्दांत नाकारलें आहे. ज्या जिल्ह्यांत १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेथील श्रोता हें विसरूं शकत नाहीं. कवीनें परंपरेंतील यादी घेतली यास आमची हरकत नाहीं. पण या यादीवर येथें वाद झालेला आहे, माणसांनीं त्यासाठीं आपली वाट बदललेली आहे, याची चाहूल गीतांस असावयास हवी होती.

तशी चाहूल लागण्याचा मार्ग या मंडळीच्या हातांशींच होता. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ त जोतीराव फुल्यांनीं मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या अवतारांची कथा उलट्या बाजूनें वाचली. जेत्यांच्या पुराणांत ज्यांस राक्षस म्हटलें त्यांची बाजू त्यांनीं मांडली. त्यापूर्वीं कितीतरी पिढ्या मराठी घरांतील स्त्रिया दिवाळींत ‘इडा पिडा टळो, बळीचें राज्य येवो’ असें म्हणत आल्या आहेत. वामन जिंकला हें पुराण. बळी परत यावा ही लोकांची इच्छा. असुरांचें पुनरुत्थान हें ज्यांचें नांव, गर्जना हें ज्यांचें भांडवल, त्यांनीं हीच कथा पाताळांतून, बळीच्या व हिरण्याक्षाच्या गळ्यानें गाइली असती तर? मग गर्जनेस दहाही ठिकाणीं कारण मिळालें असतें, देवाच्या वांट्यास स्वच्छ गायन आलें असतें, आणि दोन गळ्यांतील भेद हा सांच्याचा भाग न राहतां कथेचा भाग झाला असता. कोर्लईच्या बोलींत क्रियापदाची जागा बदलली. येथें कर्त्याची जागा बदलण्याची संधि होती. ती हुकली, हा या संग्रहावरील आमचा मुख्य आक्षेप. वाद्यांचा आक्षेप त्यापुढें किरकोळ आहे.

एवढें सांगूनही आम्ही हा संग्रह ऐकावा असेंच म्हणूं. आपल्या शिष्ट संगीतानें जे तीन रस बाहेर काढले त्यांना मुंबईच्या तरुण मंडळीनें विजेच्या तारांवर कां होईना, पुन्हां आसन दिलें. आणि त्यासाठीं विषय शोधतांना ते परदेशच्या भुताखेतांकडे न जातां देवळाच्या चौकटीवर कोरलेल्या मूर्तींकडे आले. सुशिक्षित घरांनीं या कृतीस भिण्याचें कारण नाहीं. नरसिंहाच्या गीतापासून आरंभ करावा, आवाज थोडा कमी ठेवावा, आणि ज्याच्या कानांत हें संगीत नित्य असतें त्या घरच्या मुलासच शेजारीं बसवून विचारावें कीं, ही गर्जना कोणाची, आणि ती येथेंच कां? त्याला उत्तर देतां आलें तर त्याची रुचि डोळस आहे असें समजावें. न आलें तर तें उत्तर दोघांनीं मिळून शोधावें. कारण गाण्याच्या पारखीस याहून निराळा प्रश्न आम्हांसही ठाऊक नाहीं.